आधी साल ठरवा, मग पाना उचला

सोलापुरात जुनी सायकल शोधायला फार हिंडावं लागत नाही. गिरण्यांचं गाव हे. पाळी सुटली की लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, आणि त्यातल्या कितीतरी अजून पेठांमध्ये कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या पोटमाळ्यावर पडून आहेत. बहुतेक सगळ्या काळ्या, अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकच्या. पण एखादी वेगळी निघते. खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, मागे दात्यांच्या पाच चकत्या, आणि तिरप्या नळीवर गिअरच्या दोन छोट्या दांड्या. साधी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, ही मात्र दहा-बारा किलोंची असल्यानं एका हातानं उचलली जाते. आपल्याकडे तिला सरसकट ‘रेसर’ म्हणतात.

अशी सायकल हाती आली की पहिला मोह रंगाचा होतो. दुसरा मोह नव्या भागांचा: हे काढू, ते टाकू, आठ-नऊ गिअर बसवू. दोन्ही मोह महिनाभर बाजूला ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. या कामात सगळ्यात आधी सायकलीचं साल ठरवायचं असतं. एकदा साल ठरलं की कुठला भाग ठेवायचा, कुठला शोधायचा आणि कुठला बिनदिक्कत नवा घ्यायचा, हे निम्मं आपोआप सुटतं. शिवाय त्या काळचे भाग वापरण्यात हौसेपेक्षा मापांचा प्रश्न मोठा आहे. १९७२ च्या चौकटीत १९७२ चे भाग बसतात, कारण ते एकमेकांसाठीच कापलेले असतात. आजचे भाग तिथे बसवायचे तर कुठेतरी कानस चालवावी लागते, आणि कानशीनं गेलेलं लोखंड परत येत नाही.

साल वाचायचं कुठे

‘त्या काळचे भाग’ याचे दोन अर्थ लोक घेतात. एक, कारखान्यातून सायकल निघाली तेव्हा तिच्यावर जे होतं तेच, तसंच्या तसं. दुसरा, त्या वर्षांत ती चालवणाऱ्या माणसानं तिच्यावर जे लावलं असतं ते. मला दुसरा अर्थ पटतो. सायकल चालवायची वस्तू आहे, आणि चालवणारा माणूस तेव्हाही चेन बदलत होता, सीट बदलत होता, घाटासाठी मागची मोठी चकती लावत होता.

‘जुनी’ म्हणायची तरी कुठपर्यंत? इटलीत तस्कनीमधल्या गायोले या गावी १९९७ पासून ‘एरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. तिथे मुख्यतः १९८७ पर्यंतच्या सायकली चालतात. गिअरच्या दांड्या तिरप्या नळीवर हव्यात, पायडलला पाय अडकवायची पट्टी हवी, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून मोकळ्या गेलेल्या हव्यात. ही रेघ १९८७ लाच का, ते त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत काय घडलं ते पाहिलं की कळतं. जपानच्या शिमानो कंपनीनं टकटक आवाज करत नेमक्या जागी थांबणारे गिअर ‘ड्युरा-एस’ या आपल्या शर्यतीच्या भागांच्या संचावर आणले ते १९८० च्या दशकाच्या मध्यावर. त्याच सुमाराला ‘लुक’ या फ्रेंच कंपनीचे पट्टीविना बुटाला अडकणारे पायडल आले आणि १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार इनोनं तेच पायडल वापरून जिंकली. ब्रेकच्या मुठीतच गिअर आला तो १९९० मध्ये. म्हणजे १९८७ पर्यंतची सायकल ही साधारण जुन्या पद्धतीची शेवटची सायकल.

आता आपल्या सायकलीचं साल. चौकटीचा क्रमांक बहुधा बी.बी.च्या खाली, म्हणजे पायडलची दांडी जिथून आरपार जाते त्या आडव्या नळकांड्याच्या तळाशी ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, रॉकेलच्या फडक्यानं तळ पुसा आणि क्रमांक लिहून घ्या. मात्र या क्रमांकावरून साल सांगता येणं कंपनीवर अवलंबून असतं. भाग त्याहून जास्त बोलके असतात.

इटलीतल्या व्हिचेन्झाच्या काम्पान्योलो कंपनीचा ‘नुओव्हो रेकॉर्ड’ डिरेलर १९६७ पासून बनला. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा हात. त्याच्या अंगावर ‘पेटंट-७२’, ‘पेटंट-७६’ असं कोरलेलं असतं. त्यातले आकडे जवळपास त्या तुकड्याच्या बनावटीचं वर्ष सांगतात. याच कंपनीच्या मागच्या हबवर, एक्सलच्या लॉकनटाच्या तोंडावर, बारीक अक्षरांत वर्षाचे दोन आकडे सापडतात. शिमानोची पद्धत वेगळी, दोन इंग्रजी अक्षरांची. पहिलं अक्षर वर्ष, ए म्हणजे १९७६ आणि तिथून पुढे ओळीनं. दुसरं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्याला लागतो त्या हाताच्या, पाठीमागे ‘एच सी’ दिसलं तर तो भाग मार्च १९८३ चा.

समजा हब ७३ चा, डिरेलर ७४ चा आणि ब्रेकही त्याच पिढीचे निघाले, पण क्रँक ८३ चा. मग सायकल १९७४ ची आणि क्रँक नंतर बदललेला, असा अंदाज धरायचा. एका भागावर विसंबू नये. बहुसंख्य भाग ज्या एक-दोन वर्षांत गोळा होतात, ते सायकलीचं साल.

भागच नसले, नुसती चौकट असली तरी ती बोलते. एक स्टीलची पट्टी घ्या आणि मागचं चाक जिथे बसतं त्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. १२० मिलिमीटर भरलं तर पाच चकत्यांचा जमाना, १२६ भरलं तर सहा-सात चकत्यांचा, म्हणजे साधारण १९७० च्या दशकाची अखेर ते ऐंशीचं दशक. १३० भरलं तर आणखी पुढची. प्रत्येक वाढीव चकतीला जागा लागत गेली म्हणून चौकटी रुंदावत गेल्या. आणखी एक खूण: गिअरच्या वायरींचे कान आणि बाटलीच्या भोकांचे नट चौकटीवर झाळलेले आहेत, की सगळं पट्ट्यांनी आवळलेलं आहे? पट्ट्या असतील तर सायकल बहुधा जुन्या वळणाची.

नळीची जात

सीटखालच्या नळीवर एखादं खरवडलेलं लेबल असेल तर त्याला हात लावू नका. त्यावर ‘रेनॉल्ड्स ५३१’ लिहिलेलं असेल तर तुमच्या हातात बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १९३५ पासून बनलेलं मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आहे. या नळ्यांची गंमत त्यांच्या भिंतीत आहे. टोकांना, जिथे झाळकाम होतं आणि ताण येतो, तिथे भिंत जाड असते, आणि मधल्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ. बाहेरून नळी एकसारखीच दिसते. आतून जाडी बदलायची ही युक्ती रेनॉल्ड्सनं १८९७ मध्येच पेटंट केली होती. इटालियन सायकलींवर ‘कोलंबस’चं लेबल दिसेल, काम तेच.

लेबल गेलं असेल तर सीटपोस्ट मोजा. चौकटीत घुसणारा सीटचा दांडा म्हणजे सीटपोस्ट. इंग्रजी आणि इटालियन मापाची सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असते. आत २७.२ चा दांडा नीट बसत असेल, तर नळीची भिंत पातळ आहे आणि पोलाद उंची आहे. २५.४ किंवा २६ चाच दांडा जात असेल तर नळी जाड आणि साधी. फ्रेंच नळी मात्र बाहेरूनच २८ ची, त्यामुळे तिच्यात चांगल्या पोलादालाही २६.४ चा दांडा लागतो. ही मापं दोन-दोन दशांशांनी सरकतात, म्हणून इथे टेप चालत नाही, व्हर्निअर कॅलिपरच लागतो. कमी मापाचा दांडा घालून पत्र्याची चकती ठोकलेल्या सायकली मी खूप पाहिल्या आहेत. तशा चौकटीची वरची खाच पुढे चिमटत जाते.

पातळ भिंतीचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. अशी चौकट शेगड्यात (व्हाइसमध्ये) नळीनं आवळायची नाही. सीटपोस्टला धरून टांगायची.

आट्यांचं भांडण

सगळ्यात जास्त चौकटी जिथे कायमच्या बिघडतात ती जागा म्हणजे बी.बी. इथे थोडं थांबून नीट समजून घेऊ.

बी.बी.च्या नळकांड्यात दोन्ही बाजूंनी आटे असलेले दोन कप घट्ट बसतात. त्यांच्या आत छर्रे, आणि छऱ्यांवर फिरणारा एक्सल. या आट्यांची मापं देशागणिक वेगळी होती. इंग्रजी माप १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. इटालियन माप ३६ मिलिमीटर व्यास, इंचाला २४ आटे. फ्रेंच माप ३५ मिलिमीटर, आटे एक-एक मिलिमीटरवर. स्विस माप फ्रेंचसारखंच. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या बऱ्याच साध्या सायकलींना इंचाला २६ आटे असायचे, तो आणखी एक वेगळाच प्रकार.

आता अडचण बघा. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर. फ्रेंच ३५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजी कप फ्रेंच चौकटीत दोन फेरे जातोसुद्धा, मग अडतो, आणि पान्याला पाइप लावला की आटे सोलत आत शिरतो. त्या क्षणी चौकट गेली.

दिशेचाही घोळ आहे. इंग्रजी चौकटीत चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो उघडायला पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवावा लागतो. त्यामागे कारण आहे. पायडल मारताना छऱ्यांच्या फिरण्यामुळे उजव्या कपावर सतत सैल करणारा जोर येतो. आटे उलटे केले की तोच जोर कपाला आवळत राहतो. इटालियन आणि फ्रेंच चौकटीत दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात, त्यामुळे त्यांचा उजवा कप मनापासून आवळला नाही तर काही दिवसांत ढिला होतो. स्विस चौकटीत माप फ्रेंच पण उजवा कप इंग्रजीसारखा उलटा.

मग ओळखायचं कसं? आधी नळकांड्याची रुंदी मोजा. ७० मिलिमीटर भरली तर बहुतेक इटालियन, ६८ भरली तर इंग्रजी किंवा फ्रेंच. मग कपाचं तोंड घासून पुसा, कारण चांगल्या कपांवर माप कोरलेलं असतं: ३६ गुणिले २४, ३५ गुणिले १, १.३७ गुणिले २४. आणि मेकॅनिककडे सायकल टाकायची असेल तर हे माप कागदावर लिहून चौकटीलाच बांधा. आपल्याकडचे मेकॅनिक हातानं पक्के असतात, पण त्यांचा रोजचा संबंध एकाच मापाशी येतो. फ्रेंच चौकट त्यांच्यासमोर वर्षानुवर्षांत येत नाही.

हीच कथा थोड्या फरकानं इतर ठिकाणी. हँडलचा उभा दांडा इंग्रजी-इटालियन २२.२ मिलिमीटरचा, फ्रेंच २२ चा. पायडलचे आटे आपल्याकडे सर्रास मिळणारे नऊ-सोळांश इंची. जुन्या फ्रेंच क्रँकला १४ मिलिमीटरचे पायडल लागतात, आणि क्रँक ॲल्युमिनियमचा असल्यानं जबरदस्ती केली तर बिचारा काही बोलत नाही, नुसता सोलला जातो. इटालियन चिनेली हँडल मध्यात २६.४ मिलिमीटर जाड, इतर बरीच २५.४ किंवा २६. एका कंपनीचं हँडल दुसऱ्याच्या पकडीत ‘बसतं’ म्हणून बसवू नये. त्यावर आपलं अख्खं वजन असतं.

टायरचं गणितही इथेच उरकतो. सोलापुरात कुठल्याही दुकानात मिळतो तो अठ्ठावीस-दीड इंची टायर, त्याच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. जुन्या रेसिंग सायकलीला एकतर सत्तावीस इंची म्हणजे ६३० चा, नाहीतर सातशे-सी म्हणजे ६२२ चा लागतो. इंचाच्या नावांवर जाऊ नका, टायरच्या बाजूला छापलेला तीन आकडी व्यास वाचा. ६३० च्या जागी ६२२ चं चाक लावायचं झालं तर ब्रेकचे रबर प्रत्येकी चार मिलिमीटर खाली सरकवावे लागतात. ब्रेकच्या हातात तेवढी खाच उरली असेल तरच ते जमतं.

अडकलेलं सोडवताना

सोलापूरची कोरडी हवा या बाबतीत आपल्या बाजूनं आहे. कोकणातून आलेली चौकट आतून पोखरलेली असू शकते. आपल्याकडच्या चौकटी वरून कितीही तांबूस दिसल्या तरी बहुधा आतून धडधाकट निघतात. तरी खात्री करा: बी.बी. काढल्यावर टॉर्च लावून नळ्यांच्या तोंडात बघा, चौकट उलटीसुलटी करून आपटा आणि काय गळतं ते पाहा. थोडी तांबूस पूड चालेल, पापुद्रे नकोत.

अडकतो तो ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट किंवा हँडलचा दांडा. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की ॲल्युमिनियम गंजतं, आणि तो पांढरा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. पाचर मारल्यासारखं होतं. इथे बहुतेक जण दिवा लावून दांडा तापवतात, आणि तो आणखी घट्ट होतो. कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. उलट करा. आत शिरणारं तेल सोडून दोन-चार दिवस थांबा, रोज थोडं सोडा, मग दांड्यावर बर्फ बांधून तो आकसू द्या आणि चौकट फिरवा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिसाच्या वर असतो. दुपारी उन्हात तापलेली चौकट आणि बर्फात गारठलेला दांडा, एवढ्या फरकानं बरंच काही सुटतं.

क्रँक कॉटर पिनचा, म्हणजे एक्सलवर पाचरीसारख्या खिळीनं अडकवलेला, असेल तर पिनेच्या बारीक टोकावरचा नट पुरता काढू नका. पिनेच्या शेंड्याशी सपाट येईल इतपत सैल करा, क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा टेका द्या आणि मग एकच नेमका घाव घाला. टेका नसेल तर तो घाव छऱ्यांना आणि कपांना बसतो. नवी पिन कुठल्याही सायकल दुकानात मिळते, फक्त जाडी जुळवून घ्या.

गंजासाठी मी सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्याच्या पुढे सहसा जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिडही चालतं, पण ते विषारी आहे. हातमोजे हवेत आणि घरातल्या भांड्यात ते काम करायचं नाही. कुठलंही ॲसिड वापरलं तरी शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं. क्रोमवरचे तांबूस ठिपके तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी निघतात. पॉलिश पेपर क्रोमला लावू नका.

रंगाबद्दल

मूळ रंग साठ टक्के जरी शिल्लक असेल तरी तो राहू द्यावा, हे मी आग्रहानं सांगतो. टवके उडालेला १९७४ चा रंग हा त्या सायकलीचा पुरावा आहे, आणि नवा रंग कितीही सुरेख दिला तरी तो पुरावा परत आणू शकत नाही. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, गाडीच्या पॉलिशनं हळुवार घासा, टवक्यांवर जुळता रंग बारीक ब्रशनं भरा, वर मेण चढवा. लेबलांच्या कडांपासून लांब राहा.

रंग खरोखरच गेला असेल तर मात्र पावडर कोटिंगपेक्षा गाडी रंगवणाऱ्या चांगल्या कारागिराचा फवारा बरा. पावडर भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात. त्या उष्णतेनं पितळी किंवा चांदीच्या झाळकामाला काही होत नाही, ती भीती नको. प्रश्न थराच्या जाडीचा आहे. नळ्या जिथे जोडतात तिथल्या नक्षीदार पोलादी खोबणींना लग म्हणतात. त्यांच्या कानशीनं घासून धारदार केलेल्या कडा जाड थराखाली बुजून जातात, आणि जुन्या चौकटीचं सगळं देखणेपण त्याच कडांत असतं. जुना रंग उतरवायला वाळूचा जोरदार मारा करू देऊ नका, पातळ भिंत आहे.

काय नवं घ्यायचं

ब्रेकचे रबर, सगळ्या वायरी, टायर, ट्यूब, चेन. हे नवे. यात साल बघायचं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा ब्रेक-रबर मूळ डब्यात मिळाला तरी तो दगड झालेला असतो, आणि सोलापूरच्या उन्हात रबर तसंही लवकर मरतं. ब्रेकचा हात त्या काळचा ठेवा, रबर आजचं लावा. दिसायला फरक पडत नाही, थांबायला पडतो. चेनसाठी आजची आठ गिअरची साधी चेन पाच-सहा चकत्यांवर उत्तम चालते. जुनी चेन झिजली का ते बघायचं असेल तर तिच्या चोवीस कड्या मोजा, त्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. सोळांश इंचानं जरी वाढल्या असतील तरी ती चेन दाते खाणार.

छर्रे तर आपल्या गल्लीतल्या दुकानातच मिळतात, आणि ते इथे जुळतात याचा मला दर वेळी आनंद होतो. बी.बी. आणि मागच्या हबला बहुधा पाव इंची, पुढच्या हबला तीन-सोळांश. जुने मोजून ठेवा, मापून ठेवा, आणि बदलताना सगळे एकदम बदला. जुन्यानव्याची मिसळ केली तर नवे मोठे छर्रेच सगळा भार घेतात आणि कोन (एक्सलवरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) खातात. कोनवर खड्डे पडलेले असतील तर कोनही बदलायचा. हा भाग म्हणजे आपल्याकडे ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतात तेच, फक्त जास्त सबुरीनं. पटकन सुटणारी पोकळ एक्सल असेल तर कोन आवळताना केसभर ढिलाई ठेवा. दांडी आवळली की एक्सल दबते आणि ती ढिलाई संपते.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, उघडायच्या फंदात पडू नका. आतले कुत्रे (एकाच दिशेनं अडणारे खटके) आणि बारीक छर्रे उधळले की गोळा करणं कठीण. पातळ तेल सोडून फिरवत राहा, बहुतेक फ्रीव्हील त्यानंच बोलायला लागतात. ते चाकावरून उतरवायला खाचेचा खास पुलर लागतो, आणि जुन्या फ्रीव्हीलच्या खाचा कंपनीगणिक वेगळ्या. इथे सोलापूरची एक ताकद कामाला येते. यंत्रमागांचे सुटे भाग करणारे लेथवाले नमुना दाखवला की असा पुलर नेमका करून देतात. स्पेसर, वॉशर, पट्ट्या, सगळं त्यांच्याकडून करून घ्या. फक्त एक्सल, क्रँक आणि हँडलचे बोल्ट असे जीव टांगणारे भाग अनोळखी पोलादातून करून घेऊ नका.

ॲल्युमिनियमचे जुने भाग भिंग लावून तपासा. क्रँकचा हात चेनव्हीलच्या (पुढच्या दातेरी चक्राच्या) पाकळीला जिथे मिळतो त्या कोपऱ्यात, हँडलच्या पकडीच्या कडेला, उभ्या दांड्याच्या चिरेच्या टोकाला. रेघ ओरखडा आहे की तडा अशी शंका आली तर तडा समजा. तडकलेला क्रँक कितीही दुर्मिळ असो, त्यानं सायकल चालवायची नाही.

गिअरबद्दल एक सूचना. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलीला पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चेनव्हील, मागे १४ ते २४. सगळ्यात हलका गिअर म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला जवळपास पावणेचार मीटर. विजापूर रोडवर याची मजा येते, पण तुळजापूरचा घाट चढताना गुडघे बोलतात. यावर उपाय त्याच काळातून घ्या. तेव्हाचे लांबचे प्रवासी फ्रान्सच्या टी. ए. कंपनीचा क्रँक लावत, त्याला २६ दात्यांपर्यंतचं छोटं चेनव्हील बसतं. काम्पान्योलोचा नुओव्हो रेकॉर्ड मागे २६ दात्यांच्या पुढे कुरकुरतो, तर जपानच्या सनटूरचे लांब हाताचे डिरेलर मोठ्या चकत्या सहज हाताळतात. सनटूरनं १९६४ मध्ये डिरेलरचा चौकोन तिरका केला, त्यामुळे चेनचं छोटं चाक प्रत्येक चकतीपासून जवळपास सारख्या अंतरावर राहायला लागलं. ते पेटंट १९८४ मध्ये संपल्यावर इतर कंपन्यांनीही तीच रचना उचलली. स्वस्तातला जुना सनटूर मिळाला तर नाक मुरडू नका.

आणि सायकल भारतीय निघाली तर? मद्रासच्या टी.आय.ची बी.एस.ए. किंवा हर्क्युलिस, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हीरो, आसनसोलची सेन-रॅले. यातल्या खाली वळलेल्या हँडलच्या सायकलींना भंगाराच्या भावात काढू नका. त्यांच्यावर काम्पान्योलो चढवणं मला पटत नाही. त्यांचे कॉटर क्रँक, त्यांचे पोलादी रिम, त्यांचे साधे ब्रेक हेच त्यांचे त्या काळचे भाग आहेत, आणि ते जपले नाहीत तर पुढे मिळणार नाहीत. पोलादी रिमवर पावसात ब्रेक फार कमी लागतो, तेवढं ध्यानात ठेवून चालवायचं.

हँडलची पट्टी शेवटी, आणि ती आपल्या गावाला शोभेल अशी. त्या काळी सुती पट्टी गुंडाळून तिच्यावर लाखेचं पॉलिश देत. साध्या विणीची दोनेक सेंटिमीटर रुंद सुती पट्टी आणि फर्निचर पॉलिशवाल्याकडचा चपडा, दोन्ही इथे मिळतं. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा, पट्टी हँडलवर ताणून गुंडाळा, पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. पांढरी पट्टी तीन-चार हातांनंतर मधाळ तपकिरी होते आणि घामाला दाद देत नाही. कातडी सीट असेल तर तिला खालून-वरून मेणाचं कातड्याचं पॉलिश थोडं थोडं लावा, तेलात भिजवू नका. तेलानं कातडं मऊ पडतं आणि झोळी होते. उन्हात लावून ठेवायची वेळ आली तर सीटवर फडकं टाका.

पहिल्या फेरीला लांब जाऊ नका. होटगी रोडला सकाळी सहाला ट्रक कमी असताना आठ-दहा किलोमीटर पुरेत, पाने खिशात ठेवून. परत आल्यावर कॉटर पिनेचे किंवा क्रँकचे नट पुन्हा आवळा, इटालियन चौकट असेल तर उजवा कप हातानं हलतो का ते बघा, चाकाचा आऊट पुन्हा तपासा, कारण नव्यानं ताणलेले आरे पहिल्या फेरीत बसतात. दुसऱ्या फेरीनंतर हेच सगळं परत करा. जे भाग काढून ठेवलेत, तुटके का असेनात, ते एका पिशवीत घालून वर माप, कंपनी आणि साल लिहून ठेवा. फ्रेंच कपाच्या शोधात असलेला पुढचा माणूस नमुना म्हणून तीच पिशवी मागायला येईल.